कशावरून डॉक्टर

आमच्या आरोग्य केंद्रात पुष्कळ डॉक्टर आले आणि गेले. कुणी तापट होते, कुणी आळशी होते. एकजण ओपीडीत बसून मोबाईलवर शेअर बाजार बघायचे आणि बाजार पडला की पेशंटवर खेकसायचे. पण घाबरट डॉक्टर मी उभ्या नोकरीत एकच पाहिला. डॉ. शिनगारे.

घाबरट म्हणजे साधासुधा घाबरट नव्हे. कुत्रं दिसलं की हा माणूस रस्ता बदलायचा. पंख्याखाली बसायचा नाही, कारण पंखा पडू शकतो. खुर्ची आधी हलवून बघायची, मग टेकायचं. स्कूटर होती, पण उतार आला की खाली उतरून तिला हातानं धरून चालवत आणायचे, म्हैस आणावी तशी. पहिल्या दिवशी ते असे स्कूटरसोबत चालत गेटातून आत आले तेव्हा आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर रफिक मला म्हणाला, "सानपभाऊ, हे साहेब आपल्याला काय वाचवणार? ह्यांलाच धरून ठेवावं लागल."

मी ह्या केंद्रातला औषधवाला. माझ्या हुद्द्यात 'औषध निर्माण' असे शब्द आहेत, पण मी जन्मात एक गोळी निर्माण केलेली नाही. आलेली औषधं ठेवायची आणि लिहून दिलेली द्यायची, एवढंच काम. गाव शिरूर कासारहून बरंच आत. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघून जातं आणि मागं उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि आम्ही सरकारी लोक. अशा ठिकाणी डॉक्टर कसाही असला तरी चालतो, असं माझं तेव्हा मत होतं.

आल्या आल्या त्यांनी माझा फ्रीज उघडला.

"सानप, हा रात्रभर चालू होता कशावरून?"

"चालू दिसतोय की साहेब."

"आत्ता दिसतोय. रात्री लाईट गेली असेल तर?"

"रात्री मी घरी असतो साहेब."

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी आतली एक काचेची कुपी उचलून उजेडात धरली. बाळंत झालेल्या बाईचं रक्त थांबावं म्हणून द्यायचं ते इंजेक्शन. "हे तापलं की ह्यातला जीव जातो," ते म्हणाले. "वरून काही कळत नाही, दिसतं तसंच दिसतं. बाई रक्तात वाहून चाललेली असते आणि आपण तिला पाणी टोचत बसलेलो असतो." त्यांचा आवाज बारीक झाला होता. इतकी वर्षं मी त्या फ्रीजात माझी ताकाची बाटली ठेवत होतो. त्या दिवसापासून लाईट गेली की माझं जेवणातलं लक्ष उडायला लागलं. बायको म्हणायची, "तुमचं काय पोरगं हाय का त्या फ्रीजात?"

'कशावरून' हा त्यांचा शब्द. दिवसभरात किती वेळा तोंडातून निघायचा त्याला गणतीच नाही. बाळ ठीक आहे. कशावरून? ताप मलेरियाचा आहे. कशावरून? गावानं आठवड्याभरात त्यांचं बारसं करून टाकलं, 'कशावरून डॉक्टर'. कुणाला अडवायला विचारायचे असं नाही. सगळ्यात जास्त ते स्वतःलाच विचारायचे. औषध लिहायचे, थांबायचे, पुटपुटायचे, "हे मी का दिलं?" आणि खोडून टाकायचे. समोर बसलेल्या माणसाला वाटायचं, डॉक्टरला काही येत नाही.

आणि आमच्याकडं तर सुई टोचत नाही तो डॉक्टरच नव्हे. थकवा आला की सलाईन, सर्दी झाली की सुई. एकदा गावातले एक तात्या येऊन कॉटवर आडवेच झाले. म्हणाले, "अंगात पानीच न्हाई राहिलं, सलाईन लावा."

"पाणी नाही कशावरून?"

"अवो डागदर, अंग माझं हाय का तुमचं?"

डॉक्टरांनी जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली, लघवीचं विचारलं आणि मिठासाखरेच्या पाण्याची पुडी हातात दिली. तात्या इतके संतापले की पुडी तिथंच टाकून गेले आणि पारावर बसून सांगायला लागले, ह्या डॉक्टरला सुई धरायलाच येत नसणार, हात कापतात त्याचे. हात कापायचे हे खरं होतं. पण सुई धरताना नव्हे. लोक मोठ्यानं बोलायला लागले की कापायचे.

एवढ्या भीतीमागं काहीतरी गोष्ट असणार, एखादा पेशंट दगावला असणार, असं आम्हाला वाटायचं. मी एकदा चहा पिताना विचारलंच. ते थोडे लाजले. "तसं काही नाही हो. मला लहानपणापासूनच भीती वाटते. आमच्या गावात, दिंद्रुडला, सगळ्यांना माहीत आहे. आईला वाटलं होतं, डॉक्टर झाल्यावर जाईल."

त्यांचं आणि शोभा सिस्टरचं मात्र पहिल्या दिवसापासून जमेना. शोभा सिस्टर म्हणजे आमच्या केंद्राचा खांब. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. उंच आवाज, ठणठणीत हात आणि स्वतःच्या नजरेवर गाढ विश्वास. बाळंतपण झालं की त्या चादरीकडं एकदा बघायच्या आणि सांगायच्या, "रक्त बेताचं गेलं." डॉक्टर दारातून विचारायचे, "बेताचं म्हणजे किती? कशावरून?" सिस्टर माझ्याकडं बघून डोळे फिरवायच्या.

रंगपंचमी होऊन गेल्यावर एक दिवस डॉक्टरांनी मला मागच्या खोलीत नेलं. घरून उरलेला लाल रंग आणला होता. म्हणाले, "पाण्यात कालवा, मापानं घ्या आणि ह्या चादरींवर, कापडांवर, फरशीवर वेगवेगळं ओता. कुठं किती ओतलं ते मलासुद्धा सांगू नका." मी ओतलं. मग एकेकाला बोलावून त्यांनी विचारलं, हे किती असेल? झाडणाऱ्या मावशींपासून सगळ्यांनी आपापले अंदाज सांगितले. सगळ्यांचे चुकले, आणि सगळ्यांचे एकाच बाजूला चुकले. प्रत्येकानं कमीच सांगितलं. शोभा सिस्टरांनी निम्म्याच्या आसपास सांगितलं. डॉक्टरांनी स्वतः तर त्यांच्याहूनही कमी. मी खरे आकडे सांगितले तसे ते जवळजवळ ओरडलेच, "बघा सिस्टर! मी तुमच्याहून जास्त चुकलो!"

"मंग हसताय कावून?"

"हसत नाही सिस्टर. घाबरलोय."

त्या दिवशी घरी जाताना सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या. "सानपभाऊ, खरंच तेवढं ओतलं होतं का? मापात काही गफलत तर न्हाई?" मी म्हटलं, नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यासमोर मागच्या बायका येत असाव्यात, बेताचं गेलं म्हणून घरी पाठवलेल्या. "बऱ्याच जणी पुन्हा भेटल्याच न्हाईत," त्या म्हणाल्या, "मी समजत होते, ऊसतोडीच्या टोळीसंगं गेल्या असतील."

त्यानंतर डॉक्टरांनी एका ट्रेनिंगहून आणलेली प्लास्टिकची झोळी कपाटातून बाहेर निघाली. बाळंतपण झालं की बाईच्या खाली ती पसरायची. रक्त खाली तिच्या निमुळत्या टोकात जमतं आणि तिच्यावर रेषा असतात. अमुक रेषेपर्यंत आलं की कुणाच्या अंदाजाची वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही. पोट चोळणं, इंजेक्शन, सलाईन, रक्त थांबवायचं औषध, कुठं फाटलंय का ते बघणं, सगळं एका दमात करायचं. आधी आम्ही एक करून बघायचो, थांबायचो, मग दुसरं करायचो. डॉक्टर म्हणायचे, थांबण्यातच बायका जातात. जगभर मोजून झालंय हे, आपण पुन्हा आपल्या बायकांवर अनुभव घ्यायची गरज नाही. झोळीची तालीम इतक्या वेळा झाली की मावशींनासुद्धा कुणी कुठं उभं राहायचं ते पाठ झालं.

ह्याच सुमारास त्यांनी आणखी एक खूळ काढलं. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी सगळ्यांनी व्हरांड्यात उभं राहायचं आणि आज आपल्याला कशाची भीती वाटते ते एकेकानं सांगायचं.

पहिल्या दिवशी रफिक म्हणाला, "सासऱ्याची." सगळे पोट धरून हसले. डॉक्टरही हसले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. हळूहळू थट्टा संपली. एका सकाळी रफिक खाली बघत म्हणाला, "साहेब, गाडीचं मागचं टायर गेल्यात जमा हाय. रोज देवाचं नाव घेऊन चालवतो. खोटं कावून सांगू?" डॉक्टर स्कूटर काढून त्याच दिवशी तालुक्याला गेले आणि टायर मंजूर करून घेऊनच उठले. तिथल्या साहेबांच्या टेबलासमोर नुसते बसून राहिले होते म्हणे. मी रोज फ्रीज म्हणायचो. शोभा सिस्टर मात्र बरेच दिवस म्हणत राहिल्या, "मला कशाचीच भीती न्हाई." आणि एक दिवस, कुणी अपेक्षा केली नसताना, म्हणाल्या, "आज ती वस्तीवरली यायचीय, चौथ्या खेपेची. अंगात रक्त न्हाई तिच्या. मला भ्या वाटतंय." शोभा सिस्टर भितात म्हटल्यावर आम्ही कुणाच्या जिवावर बसायचं?

त्या वस्तीवरच्या बाईला डॉक्टरांनी कळा सुरू व्हायच्या आधीच बीडला पाठवून दिलं. ती सुखरूप आली. पण भीती एकदा लागली की लागलीच. आमचं अख्खं केंद्र भित्रं होऊन गेलं.

आता खरी गोष्ट सांगायची तर कळांच्या सुईची. आमच्याकडं टोळी निघायचा दिवस ठरलेला असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतली की दोघांनी जायचं म्हणजे जायचं. बाई भरल्या दिवसांत असली तर घरच्यांचा एकच धोशा असतो, निघायच्या आधी मोकळी करा. वाटेत, उसाच्या फडात होण्यापेक्षा इथं झालेलं बरं, आणि ओली बाळंतीण चार दिवसांत उसाच्या मोळीला हात लावते, हे सगळ्यांना माहीत. म्हणून कळा मंद असल्या की सुई देऊन त्या वाढवायची इथं पद्धतच होती. पूर्वीचे डॉक्टर द्यायचे. माझ्याच फ्रीजातली, तीच कुपी.

शिनगारे डॉक्टरांनी ती बंद केली. "हे औषध बाळ झाल्यावर द्यायचं. आधी द्यायचं तर शेजारी ऑपरेशनची खोली पाहिजे, डोळा न हलवता बघणारा माणूस पाहिजे. आपल्याकडं दोन्ही नाही. कळा एकाला एक लागून यायला लागल्या की बाळाचा श्वास कोंडतो. एखादीची गर्भाची पिशवी आत फाटते. मग बीड कितीही जवळ असलं तरी लांबच." त्यांनी हे प्रत्येक घरच्यांना समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, सुईला भितो.

त्या वर्षी टोळी निघायच्या दिवशीच ज्योती आली. विशीतली पोर, दुसरी खेप. सोबत नवरा आणि सासू. मागोमाग गेटासमोर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. दोन ट्रॉल्या, त्यात पत्र्याच्या पेट्या, चुली, शेळ्या, पोरं आणि बाया. आणि ट्रॅक्टरच्या पुढं पांढऱ्या कपड्यातले बाजीराव मुकादम. माणूस वजनाचा, पुढाऱ्यांच्या गाडीत बसणारा. आमच्यासारख्यांच्या बदल्या त्यांच्या एका फोनवर व्हायच्या.

"डॉक्टर, सुई द्या अन् मोकळी करा. मला दुपारच्याला निघायचंय."

"सगळं ठीक चाललंय. बाळाचे ठोके चांगले आहेत. वेळ लागेल."

"वेळच न्हाई ना. मागचे डॉक्टर देत होते. माझ्या टोळीतल्या किती बायका सुईवर मोकळ्या झाल्या. कुणाला काय झालं? सांगा."

"त्यांना झालं नाही म्हणून हिला होणार नाही, कशावरून?"

मुकादमांचा चेहरा बदलला. "लई शहाणपणा शिकवू नका. तुमी न्हाई दिली तर देणारा माणूस मी बाहेरनं आणतो. खोली सरकारी हाय, तुमच्या बापाची न्हाई." मागं टोळीतली माणसं ट्रॉलीतून उतरून जमायला लागली. कुणीतरी ओरडलं, "दे की बे सुई!" डॉक्टरांनी दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले. मला माहीत होतं का घातले ते.

ते माझ्या खोलीत आले, पाणी प्यायले, अर्धं अंगावर सांडलं. "सानप, मला पळून जावंसं वाटतंय."

मी म्हटलं, "साहेब, देऊन टाका. एवढ्या वर्षांत कुणाला काय झालंय?" मला भीती वाटत होती, आणि त्या वेळी ती ज्योतीची नव्हती, दारातल्या माणसांची होती.

त्यांनी एक स्टूल उचललं, प्रसूतिगृहाच्या दाराला लावलं आणि त्यावर बसले. पाठ दाराला, तोंड माणसांकडं. घाम कपाळावरून डोळ्यात जात होता, पण पुसायला हात बाहेर काढत नव्हते. थोड्या थोड्या वेळानं उठून आत जायचे, बाळाचे ठोके ऐकायचे, येऊन पुन्हा बसायचे. सासू समोर फतकल मारून रडत होती, "एक सुई मागितली, जहागीर न्हाई मागितली." मुकादम फोन लावत होते. ऊन चढलं, कललं. ट्रॉलीतली पोरं भुकेनं रडायला लागली. मला सारखं वाटत होतं, आता कुणीतरी दगड उचलणार.

ऊन कलल्यावर आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. बाहेर मुकादम म्हणाले, "झाली न्हवं? मंग चला, उचला." सासूनं डोळे पुसले, बोटं कानशिलावर मोडली.

आणि आतून शोभा सिस्टरांचा आवाज आला. ओरडल्या नाहीत, नेहमीपेक्षा हळूच बोलल्या. "साहेब, रेषेवर आलं."

मी फ्रीजकडं धावलो. पुढचं मला सगळं एकदम झाल्यासारखंच आठवतं, कारण ते एकदमच झालं. सिस्टर पोट चोळत होत्या. मावशींनी सलाईन टांगली. डॉक्टर दिवा धरून फाटलंय का ते बघत होते. मी कुपी दिली, ती बर्फासारखी गार होती आणि त्या गारव्याचा मला इतका आधार वाटला की काय सांगू. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. ज्योतीचं तोंड मात्र कागदासारखं होत चाललं होतं. रक्ताचा जोर कमी झाला, पण थांबेना. झोळीतली पातळी पुढच्या रेषेकडं सरकत होती आणि ती सरकताना दिसणं ह्यासारखं भयंकर मी काही पाहिलेलं नाही. "बीड," डॉक्टर म्हणाले. बाहेर रफिकनं गाडी आधीच चालू करून ठेवली होती.

गाडीत सिस्टर ज्योतीच्या उशाशी बसल्या, नवरा पुढं. डॉक्टर मागं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी तिची पिशवी दाबून धरून होते. दार लावताना मी त्यांना बघितलं. त्या वेळी त्यांचे हात जराही कापत नव्हते.

मी, मावशी, सासू आणि बाळ मागं राहिलो. बाळाला मावशींनी पोटाशी धरलं होतं. व्हरांड्याच्या जाळीपाशी गर्दी झाली. "सुई दिली असती तर पोरगी कवाच मोकळी झाली असती, रक्त कशाला गेलं असतं?" सासू म्हणत होती आणि बाहेर तेच वाक्य पुढं पुढं जात होतं. कुणीतरी जाळी धरून गदागदा हलवली. मी आतून कडी लावली. फोन हातात धरून बसलो. वाजावा असंही वाटत होतं आणि वाजू नये असंही. काय ऐकायला मिळेल सांगता येत नव्हतं. मुकादम माणसं गोळा करून एक कोयता कमी घेऊन निघून गेले, जाताना मला म्हणाले, "तुमच्या डॉक्टरला सांगा, बॅग भरून ठेव."

अंधार पडायच्या सुमारास शोभा सिस्टरांचा फोन आला. म्हणाल्या, "हाय. ज्योती हाय." मी फोन सासूच्या कानाला लावला.

बाई वाचली. बाळ वाचलं. एवढ्यावर कुठल्याही गोष्टीत डॉक्टरांच्या गळ्यात हार पडला असता. पण न झालेल्या मरणाचा पंचनामा कुणी करत नाही. तक्रार झाली की डॉक्टरनं वेळेवर सुई न दिल्यानं बाई मरता मरता वाचली. चौकशीला वरून साहेब आले. ओपीडीच्या खोलीत बसले, शेजारी मुकादमांची माणसं. साहेब काही वाईट नव्हते, नुसते घाईत होते.

"सुई दिली असती तर बाळाला किंवा बाईला धोका झाला असता, असं तुमचं म्हणणं. कशावरून?"

मुकादमांची माणसं एकमेकांकडं बघून हसली. मी मनात म्हणत होतो, डॉक्टरसाहेब, ठासून सांगा, दोघंही मेली असती म्हणून सांगा. कोण तपासणार आहे?

डॉक्टर म्हणाले, "ह्या एका बाईचं मला सांगता येणार नाही, साहेब. कदाचित काहीच झालं नसतं. खूप बायका एकत्र धरल्या की धोका दिसतो. एकटीचं कुणालाच सांगता येत नाही."

"म्हणजे सांगता येत नाही," साहेब म्हणाले आणि तेवढंच टिपून घेतलं.

महिनाभरात बदली झाली, केज तालुक्यातल्या एका केंद्रावर. डॉक्टरांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. भाषणाची भीती वाटते म्हणाले. स्कूटर टेम्पोत चढवली आणि ड्रायव्हरला हळू चालवायला सांगून गेले. नवे डॉक्टर आले ते बरे होते. शोभा सिस्टर झोळी सोडायला तयार नव्हत्या आणि कळा वाढवायला म्हणून ती सुई मी फ्रीजातून बाहेर काढायला तयार नव्हतो. त्यामुळं आमचं चाललं. पण शिनगारे डॉक्टरांचं पुढं काय झालं ते कळत नव्हतं. फोन केला तर "बरंय" म्हणायचे, बस.

ते शेवटचे दिसले बीडला, एका बैठकीत. जिल्ह्यातली सगळी केंद्रं बोलावली होती. सभागृहाच्या बाहेर चहा चालला होता. मी त्यांना ओळखलंच नाही. अंग सुटलं होतं, चेहरा तुकतुकीत. चांगले मोठ्यानं हसत होते आणि नेमके पंख्याखाली उभे होते. मला बघून पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यात त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला.

"काय सानप! अजून घाबरताय का फ्रीजला?"

मी हो म्हणालो.

"मी सोडून दिलं," ते म्हणाले. "खरं सांगू? झोप लागते आता. लोक सुई मागतात, देतो. सगळे खूश. भिऊन काय मिळालं होतं?" मला वाईट वाटायला हवं होतं, पण भीती वाटली. भुताखेताची वाटते तशी. समोर उभा होता तो माणूस शिनगारे डॉक्टरांच्या कपड्यात दुसराच कुणी होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या केंद्रावरची सिस्टर बोलत असावी. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, पोरसवदा, घाईघाईचा. एक बाई नुकतीच बाळंत झाली होती, रक्त जात होतं. "होईल कमी," डॉक्टर म्हणाले. "पोट चोळा जरा. बघा थोडा वेळ." फोन खिशात टाकला आणि बिस्कीट उचललं.

मी विचारलं, "साहेब, किती गेलंय?"

"जास्त नाही म्हणाली."

"तिच्याकडं झोळी आहे का?"

ते माझ्याकडं बघायला लागले. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण त्यामागं काही उरलं नव्हतं. आतून सगळ्यांना बोलावण्याची घंटा झाली. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी सभागृहात जायला लागली. डॉक्टर मध्येच उभे. मग ते वळले आणि लोकांना ढकलत जिन्याकडं निघाले, आधी चालत, मग पळत. मी खिडकीशी गेलो. खाली आवारात ते जीपच्या टपावर हात आपटून ड्रायव्हरला उठवत होते आणि फोन कानाला लावून ओरडत होते. काय ते ऐकू आलं नाही. एक कुत्रं त्यांच्या पायाशी भुंकत होतं, त्याच्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. जीप धूळ उडवत फाटकातून बाहेर पडली.

त्या बाईचं काय झालं मला माहीत नाही. मी नंतर विचारलं तेव्हा डॉक्टरांनी फोन उचलला नाही.

सभागृहात हजेरी चालू झाली. त्यांच्या केंद्राचं नाव पुकारलं गेलं, पुन्हा पुकारलं गेलं. मंचावरचे साहेब चिडले. "आत्ता तर बाहेर चहा पीत होते. कुठं गेले शिनगारे?"

मी उभा राहिलो. "घाबरले, साहेब," मी म्हणालो. "म्हणून गेले."

सगळं सभागृह खो खो हसलं. मी खाली बसलो. कितीतरी दिवसांनी माझ्या जिवाला बरं वाटत होतं.